कोरडवाहू रानातील तरुण माता

सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीचे पीक कसे येते, हे येथील शेतकऱ्यास नव्याने सांगण्याचे कारण नाही. भाद्रपद-आश्विनात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, हस्त नक्षत्राच्या सुमारास पेरणी होते, आणि पुढे पाऊस पडो अथवा न पडो, जमिनीच्या पोटात साठलेल्या ओलीवर पीक माघापर्यंत उभे राहते. ही ओल राखण्याची विद्या येथे जुनी आहे. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण घरोघरी पोहोचला. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. बांधबंदिस्ती करावी, तण काढावे, कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, म्हणजे ओल उडून जात नाही, हे आज लहान शेतकरीही जाणतो.

तान्ह्या मुलाचेही असेच आहे. जन्मापासून पहिले सहा महिने त्याचे सारे पोषण आईच्या दुधावर होते आणि पुढे दोन वर्षांपर्यंत त्या दुधाचा आधार त्यास लागतो. आईच्या अंगात जी शक्ती साठलेली असेल, तीच ते मूल घेत असते. परंतु रानातील ओल जपणारे घर आईच्या अंगातील ही ओल तितक्याच काळजीने जपते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो तरुण मातेच्या मनात मात्र पुष्कळदा येतो.

एक घर

बार्शीच्या बाजूचे एक कोरडवाहू घर डोळ्यांपुढे आणावे. अशी घरे जिल्ह्यात गावोगाव आहेत. आठ एकर रान, त्यात सहा एकर ज्वारी, उरलेल्या रानात हरभरा व करडई. दोन बैल, एक म्हैस. घरात सासू-सासरे, मुलगा, सून, सासऱ्यांची वृद्ध आई, आणि आषाढात जन्मलेली एक मुलगी. सून तेवीस वर्षांची, दहावीपर्यंत शिकलेली.

मुलीचे जन्माचे वजन २ किलो ६०० ग्रॅम होते. पाच महिने पुरे झाले तेव्हा, मार्गशीर्षात, अंगणवाडीच्या काट्यावर ते ५ किलो ८०० ग्रॅम भरले. जन्माच्या दुपटीहून अधिक वजन झाले म्हणून सेविकेनेही समाधान दर्शविले. त्यानंतर वेळा अमावस्या झाली. रानात पूजा मांडून आंबील, भज्जी व उंड्यांचे जेवण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पाखरांच्या राखणीचे काम सुरू झाले. पाठोपाठ हरभरा आला आणि माघात ज्वारीची काढणी येऊन ठेपली. सून सकाळी रानात जाऊ लागली ती दिवस मावळताना परत येऊ लागली. मुलगी घरी पणजीजवळ राहू लागली.

माघात सेविकेने पुन्हा वजन केले तेव्हा काटा ५ किलो ९०० ग्रॅमवर थांबला. दोन महिन्यांत अवघी शंभर ग्रॅमची वाढ. वाढीच्या तक्त्यावरील रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात उतरली होती.

पिवळ्या पट्ट्याचा अर्थ

घरात हे सांगितल्यावर प्रथम कोणासच त्याचे गांभीर्य वाटले नाही. मुलगी हसत होती, खेळत होती. सासू म्हणाली, "दात येत्यात म्हणून वाळली आसंल. येईल अंगावर." पणजी म्हणाली, "आमची लेकरं काय तक्त्यावर वाढली?"

तरुण आईच्या मनाला मात्र ती रेघ टोचत राहिली. रात्री मुलगी छातीशी झोपली असता ती दिवसाचा हिशेब मांडू लागली. पहाटे साडेचारला उठणे, झाडलोट, म्हशीची धार, पाणी भरणे, दहा-बारा भाकऱ्या थापणे. आठला मुलीस पाजून रानात. दुपारी परत येण्यास वेळ नाही. सायंकाळी घरी आल्यावर पुन्हा चूल. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेली भाकरी, तळाचे कालवण, आणि त्यावर कपभर चहा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे दहा तास मुलीला आईचे दूध मिळत नव्हते. त्या काळात पणजी तिला पाणी घातलेले म्हशीचे दूध बाटलीने पाजी आणि चहात बुडवून बिस्कीट भरवी. त्यात प्रेमाची उणीव नव्हती, पण पोषणाची होती.

एके दिवशी ती नवऱ्यास म्हणाली, "अहो, बाळ रडलं तर आई वाईट, रान राहिलं तर सून वाईट. मी एका वेळी कुठं कुठं पुरी पडू?"

या एका वाक्यात कोरडवाहू भागातील असंख्य तरुण मातांचे मनोगत आले आहे. आईपणाचे कर्तव्य काय, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिला हवी असते ती उसंत, पोटभर अन्न व घरातील माणसांचा हातभार. या तीन गोष्टी तिच्या एकटीच्या हातच्या नसतात. त्या घराने ठरवावयाच्या असतात.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने उंचीत खुजी आढळली. अर्ध्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात जेथे रक्त कमी, तेथील मुलांची वाढ खुंटावी यात नवल ते काय?

पणजीची आठवण

त्या घरात या प्रश्नास तोंड फुटले ते पणजीच्या एका आठवणीने. १९७२ च्या दुष्काळात ती स्वतः तरुण आई होती. रानात दाणा पिकला नव्हता. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी व कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढावे लागत. सोलापूर जिल्ह्यातील हजारो बायाबापड्यांप्रमाणे तीही दुष्काळी कामावर खडी फोडण्यास जाई. तिचे पहिले मूल तेव्हा वर्षाचेही नव्हते.

"लेकराला कुठं ठेवत होता, आजी?" नातसुनेने विचारले.

"बाभळीला झोळी बांधायची. एकीची न्हाई, सगळ्यांच्या झोळ्या एका रांगंत. एका म्हातारीला मुकादमानं तिथंच बसवली हुती. ती झोका द्यायची. रडलं की हाळी मारायची, मग जिचं आसंल ती यून पाजून जायची."

पणजीच्या या आठवणीत पुढे कायद्यात आलेल्या एका तरतुदीचे बीज आहे. दुष्काळात उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी मुलांच्या सांभाळाची सोय करण्याचे तत्त्व मान्य झाले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आली असतील तर त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीची नेमणूक करावी व तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. मूल सांभाळणे हेही काम आहे व त्याचे मोल द्यावयास हवे, हे त्यामागील सूत्र होते.

सरकारी कामावर जे होऊ शकते, ते स्वतःच्या रानात का होऊ नये?

सावड लेकरांची

शेतीत सावडीची रीत पूर्वापार आहे. आज चार घरांची माणसे व बैल एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. पैसा हातात नसतानाही काम वेळेवर उरकते. ही रीत त्या घराने व शेजारच्या तीन घरांनी मुलांच्या सांभाळास लावली. चार घरांत मिळून पाच लहान मुले होती. ज्या रानात काढणी असेल त्या रानाच्या बांधावर, लिंबाच्या सावलीत जागा झाडून त्यावर गोधडी अंथरण्यात आली. झोळ्या जाड फांदीला बांधल्या. पाण्याची झाकलेली कळशी, वाटी-चमचा, साबण व धुतलेली फडकी जवळ ठेवली. चार घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी पाळी लावून घेतली. जिची पाळी तिने त्या दिवशी कणसे खुडण्यास जावयाचे नाही, केवळ मुले पाहावयाची. तिच्या वाट्याचे खुडणीचे काम बाकीच्यांनी वाटून घेतले.

पणजीसही पाळीत स्थान मिळाले. तिच्याने आता उचलाउचल होत नव्हती, म्हणून तिच्यासोबत एक मोठी स्त्री असे. पण गोष्टी सांगण्यात व गाणी म्हणण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

यामुळे मुलगी आईच्या हाकेच्या अंतरावर आली. दर दोन-अडीच तासांनी आई बांधावर येऊन पाजू लागली. पाजण्यास वीस मिनिटे लागत. तेवढा वेळ तिलाही सावलीत टेकावयास मिळू लागला. पहिल्या दिवशी सासऱ्यांना वाटले की काम मागे पडेल. परंतु विसावा मिळालेल्या बाईचा हात तिसऱ्या प्रहरीही चालतो, ही गोष्ट त्यांच्याच ध्यानी आली. काढणी नेहमीपेक्षा दोन दिवस उशिरा पुरी झाली, एवढेच काय ते नुकसान.

बांधावर मुले ठेवताना काही सावधगिरी अवश्य घ्यावी. विहीर, शेततळे व चालू यंत्र यांपासून जागा दूर असावी. कीटकनाशकांचे डबे, फवारणी पंप व त्यांची रिकामी भांडी मुलांच्या जवळ आणू नयेत. ज्या रानात फवारणी झाली आहे तेथे मुलांस नेऊ नये. जागेभोवतालचे गवत काढून विंचू-काट्याची पाहणी करावी. मुलांजवळील माणसाने एक क्षणही जागा सोडू नये. ऊन वाढण्यापूर्वी मुले घरी पोहोचतील असे कामाचे वेळापत्रक ठेवावे.

मुलीची वाटी

मुलगी सात महिन्यांची झाली होती. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील देण्याची गरज नसते. परंतु सहा महिन्यांनंतर केवळ दूध पुरत नाही, तेव्हा मऊ, घट्टसर अन्न सुरू करावे लागते. पातळ पाणीदार अन्नाने पोट भरते, अंग भरत नाही. चमचा तिरपा केला असता जे अन्न ओघळून जात नाही, ते योग्य समजावे.

यासाठी विकतच्या डब्याची गरज नाही. ज्वारीचे पीठ भाजून त्यात भाजलेल्या मुगाचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ मिसळावे. साधारण तीन भाग ज्वारी व एक भाग डाळ हे प्रमाण चांगले. त्याची घट्ट पेज करून चमचाभर तेल किंवा तूप घालावे. ताजी मऊ भाकरी वरणात कुस्करून, चाळणीतून काढलेला शेवग्याचा पाला शिजवून घालून द्यावी. शेंगदाणे अख्खे कधीही देऊ नयेत, ते घशात अडकतात. बारीक कूट पेजेत शिजवून द्यावे. अंडे घरात चालत असल्यास ते नीट उकडून थोडे थोडे द्यावे. चहा, बिस्किटे व पाणी घातलेले दूध यांवर मुलाची भूक मारू नये. दूध पाजण्याची बाटली स्वच्छ राहत नाही व त्यामुळे हगवण लागते, म्हणून वाटी-चमचाच वापरावा. वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये.

सहा ते आठ महिन्यांच्या मुलास आईच्या दुधाबरोबर दिवसातून दोन ते तीन वेळा, आणि नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा असे अन्न द्यावे. भरविण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. त्या चार घरांनी आठवड्याचे पीठ एकत्र भाजून घेतले, त्यामुळे रोजचा खटाटोप वाचला.

आईचे ताट

मुलीच्या वाटीइतकेच महत्त्व आईच्या ताटास आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा दररोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात व त्यानंतरही ही गरज फारशी कमी होत नाही. व्यवहारात सांगावयाचे तर दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण व मूठभर शेंगदाणे एवढे अन्न तिच्या ताटात जास्त हवे. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्यास ते येत नाही. त्या घरात सासूने नियम बदलला. सून सर्वांबरोबर जेवू लागली. "दुभत्या म्हशीला पेंड आधी घालतो आन् लेकुरवाळीला उरलंसुरलं वाढतो, ह्ये काय बरं न्हाई," असे सासू स्वतःच बोलली.

लोहासाठी सोलापूरच्या रानात हिवाळ्यात काय कमी असते? हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी, चाकवत, शेवगा, तीळ. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली भाकरी व सर्व शेंगा-भाज्यांचे कालवण करण्याची रीत आहे. ती एका दिवसाची न ठेवता आठवड्यातून दोन-तीनदा पाळावी. पालेभाजीबरोबर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' हा अधिक लोह व जस्त असलेला डाळिंबाचा वाण तयार केला आहे. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांनी बाजाराला सर्वच फळे न पाठविता चार फळे घरच्या लेकुरवाळीसाठी ठेवावीत.

तथापि केवळ आहाराने रक्ताची तूट भरून निघत नाही. गरोदरपणात किमान १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर नव्हे. शौचाचा रंग काळा झाल्यास घाबरू नये. त्या सुनेने बाळंतपणानंतर महिन्याभरातच गोळ्या सोडून दिल्या होत्या. घरी कोणी विचारले नाही व तिलाही आठवण राहिली नाही. आता गोळ्यांची पाकिटे चुलीजवळच्या फळीवर, सर्वांच्या नजरेपुढे ठेवली जातात आणि आठवण देण्याचे काम नवरा करतो.

बापाचा हात

नवऱ्याने आणखी दोन कामे आपल्याकडे घेतली. सकाळचे पाणी भरणे व म्हशीची वैरण. शेजाऱ्यांबरोबर भागीत कडबाकुट्टी यंत्र घेतल्याने वैरणीचे कष्ट निम्म्यावर आले. सायंकाळी सून चुलीपाशी असता मुलीला अंगाखांद्यावर खेळविणे हेही त्याचेच काम झाले. प्रारंभी गावातील समवयस्कांनी चेष्टा केली. पुढे त्यांपैकी दोघांच्या खांद्यावर त्यांची मुले दिसू लागली.

पूर्वी मुलगी रडू लागली की तिच्यापुढे मोबाईल धरण्याची सवय लागत चालली होती. सून म्हशीची धार काढीत असता तेवढा वेळ मुलगी गप्प राही, म्हणून कोणास त्यात वावगे वाटले नाही. परंतु दोन वर्षांखालील मुलास असा पडदा दाखवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मूल बोलावयास शिकते ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून. त्याच्याशी बोलावे, त्याच्या हुंकारास उत्तर द्यावे, त्याच्या हाती लाकडी चमचा, कणीस, वाटी असे निरुपद्रवी काही द्यावे. खेळण्यांवर पैसा खर्च करण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम केले. तेव्हा दगड, पाने, बिया, शिंपले अशा साध्या वस्तूंतूनच मुले शिकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा विचारही त्यांचाच.

मनाची ओल

शरीराबरोबर मनाचाही विचार केला पाहिजे. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे, जीव घाबरा होणे हे पुष्कळ स्त्रियांस होते व ते आपोआप निवळते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप लागेनाशी झाली, मुलाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे. त्यास बाहेरची बाधा किंवा सुनेचे नखरे म्हणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे किंवा १४४१६ या शासनाच्या मोफत दूरध्वनी सेवेवर बोलावे.

त्या घरातील सुनेने पुढे सांगितले की, पौषात तिला कित्येक रात्री झोप लागत नव्हती. आपले दूध कमी पडते, आपणच कमी पडतो, हा विचार मनातून जात नव्हता. बांधावर दुपारी चार बायका एकत्र बसू लागल्या, तेव्हा तिला कळले की बाकीच्या तिघींच्याही मनात हेच होते. एकीने बोलून दाखविले म्हणून सर्वांचे ओझे हलके झाले.

दुसरे मूल कधी हवे, याचा विचारही तेथेच झाला. एक पीक काढल्याबरोबर त्याच रानात लागलीच दुसरे घेतले तर जमीन निःसत्त्व होते. आईच्या शरीरासही दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांची विश्रांती हवी. त्यासाठी तांबी, तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन इत्यादी साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये, हे तर कायद्याचेच सांगणे आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरापूर्वी झालेली आढळली. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. ज्या मुलीचे स्वतःचेच अंग अजून भरलेले नाही, ती दुसऱ्या जिवास काय पुरविणार?

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस या बाबतीत मोठे काम करता येण्याजोगे आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या शेजारी जामखेड आहे. तेथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचे काम सुरू केले. गावातीलच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्याकरवी मुलांची वजने करणे, आहार समजावणे व बाळंतपणे सुरक्षित करणे ही कामे त्यांनी करविली आणि बालमृत्यू पुष्कळ कमी केले. शेजारच्या बाईने सांगितलेली गोष्ट घराला पटते, हे त्या कामाचे मर्म होते.

१९९३ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांत एक एकर शेतीचा मार्ग घालून दिला. घरच्या जमिनीतील एक एकर किंवा अर्धा एकर तुकडा स्त्रीकडे सोपवावयाचा, त्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला सेंद्रिय खतावर घ्यावयाचा, प्रथम घरच्यांनी खावयाचा व उरेल तो विकावयाचा. या कामास २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. कोणते पीक घ्यावयाचे याचा निर्णय जेव्हा स्त्री घेते, तेव्हा भाजी व डाळ घराच्या ताटात येते.

शेतीशाळा किंवा पीक प्रात्यक्षिक भरवावयाचे असेल तेव्हा लेकुरवाळ्या स्त्रियांस येता येईल अशी वेळ निवडावी व मुलांसाठी सावलीची जागा ठेवावी. काढणीच्या हंगामापूर्वी अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका व कृषी कर्मचारी यांनी एकत्र बसून गावात किती तान्ही मुले आहेत व कोणत्या वस्तीवर सावडीने सांभाळ होऊ शकेल, याची यादी करावी. हंगामात मुलांची वजने दर महिन्यास चुकविल्याविना घ्यावीत, कारण मुले खंगतात ती याच दिवसांत. ज्या मुलाचे वजन सलग दोन महिने वाढले नाही, त्याच्या घरी जाऊन प्रथम आईच्या दिवसाचा हिशेब विचारावा. उपदेश त्यानंतर करावा. पहिल्या खेपेच्या मातेस प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळणारे साहाय्य तिच्याच खात्यावर जमा झाले आहे काय, याचीही चौकशी करावी.

त्या घरातील मुलीचे वजन फाल्गुनात ६ किलो ३०० ग्रॅम भरले आणि चैत्रात, ती नऊ महिन्यांची झाली तेव्हा, ६ किलो ७०० ग्रॅम. तक्त्यावरील रेघ पुन्हा हिरव्या पट्ट्यात आली. सेविकेने तक्ता दाखविला तेव्हा पणजीनेही तो हातात घेऊन पाहिला. तिला अक्षरे वाचता येत नव्हती, पण वर चढणारी रेघ कळली.

ज्वारीची रास घरात आली होती. दोन दिवसांच्या उशिराने त्यात एक दाणाही कमी झाला नव्हता. येत्या मार्गशीर्षात राखणीचे दिवस येतील तेव्हा लिंबाखालची जागा पुन्हा झाडावयाची, असे चारही घरांनी आताच ठरविले आहे. शेतकरी बंधुभगिनींनी आपापल्या वस्तीवर असेच एखादे झाड हंगामापूर्वी पाहून ठेवावे.